मालवणचा दर्या आणि रापणकर

वाचकहो, आपण रायपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरी राहत असाल, तर मासा म्हणजे तळ्यातला रोहू किंवा कतला, हीच आपली ओळख असावयाची. सवड काढून नागपूरमार्गे मुंबईस यावे आणि कोकण रेल्वेने कुडाळास उतरावे. मालवण तेथून मोटारीने तासाभराच्या वाटेवर आहे. बहुतेक प्रवासी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि परततात. आपण मात्र सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर जावे. दैवात असेल तर रापण पाहावयास मिळेल.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. होडी ते अर्धवर्तुळात पाण्यात सोडीत जाते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर काठावरची माणसे दोन रांगा धरून ओढू लागतात. घटका-दोन घटकांनी जाळे वाळूवर येते. कधी त्यात बांगडे व तारली फडफडतात, कधी केरकचराच निघतो. रापण एकट्याच्या मालकीची नसते. मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावणारा म्हातारासुद्धा रिकाम्या हातांनी घरी जात नाही. गाबीत समाजाच्या कित्येक घरांची चूल या वाट्यावर पेटत आली आहे.

येथील खडकांवर प्रवाळ आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली शासनाने सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर केले. पद्मगडाभोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरांचा भाग त्याचा गाभा ठरला. मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांचे भय निराधार होते असे म्हणवत नाही. ज्या खडकाच्या आडोशास आजोबांनी जाळे टाकले, तेथेच नातवाने गुन्हेगार ठरावे, हे कोणास रुचेल? दर्याला विसावा द्यावा, हे त्यांना कायद्याने शिकविलेले नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मगच त्या लोटावयाच्या, ही त्यांची जुनी रीत.

त्यांचा खरा दावा आहे तो पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांशी. ही जाळी थव्याच्या थवा खोल पाण्यातच वेढून घेतात. मग काठाशी येणार काय? राज्य शासनाने २०१६ साली त्यांवर निर्बंध घातले, तर प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर २०१७ साली केंद्राने बंदी आणली. कायदा झाला, पण अथांग पाण्यावर पहारा कोणी ठेवावा?

दरम्यान, किनाऱ्यावरची तरुण मुले प्रवाशांना पाण्याखालचे प्रवाळ दाखवून चार पैसे मिळवू लागली. ज्याच्या नावाने वडील चिडले, तेच आता मुलाच्या पोटाचे साधन झाले आहे! मात्र होडीचा नांगर प्रवाळावर पडला, तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. म्हणून आपण होडीत बसाल तेव्हा नांगर कोठे टाकतात ते अवश्य पाहावे आणि प्रवाळावर पाय देऊ नये.

ओहोटीच्या वेळी पद्मगडापर्यंत वाळूवरून चालत जाता येते. भरती केव्हा लागेल, हे मात्र काठावर मासळी निवडीत बसलेल्या एखाद्या मावशीला विचारून मगच निघावे.