सॉरी, आधीच खूप जण आहेत

पोस्टग्रेस या डेटाबेसची एक एरर मला आता आवडायला लागली आहे. 'फेटल: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.' जीव घ्यायचा आणि वर माफीही मागायची.

दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका संध्याकाळी मात्र ती पाहून घाम फुटला होता. प्रवेशअर्जांची मुदत रात्री बाराला संपणार होती, साइट आमच्या कंपनीने बांधलेली होती आणि आठ वाजल्यापासून लॉगमध्ये फक्त हीच ओळ पडत होती.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उघडतं. त्यामुळे कनेक्शनला मेमरी लागते, आणि म्हणूनच मर्यादा असते. आपण काही बदललं नाही तर ती १००; त्यातली ३ ॲडमिनसाठी राखीव. आमचे ॲप सर्व्हर चार, प्रत्येकाच्या पूलमध्ये वीस कनेक्शन्स. ऐंशी, म्हणजे ठीक. गर्दी वाढल्यावर क्लाउडने आपणहून आणखी दोन सर्व्हर उभे केले. सहा विसे एकशेवीस. तिसरीतल्या पोराला जमेल असा हा हिशोब आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

मी मर्यादा चारशे केली, पूल साठचे केले आणि डेटाबेस रीस्टार्ट केला. (ही मर्यादा रीस्टार्टशिवाय बदलत नाही.) दहा मिनिटं बरी गेली. मग पूल पुन्हा भरले.

कॉलवर मॅनेजरने विचारलं, शेवटचं डिप्लॉयमेंट कोणाचं? बुधवारचं होतं, आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाचं. लागून चारच महिने झाले होते त्याला. "त्याचा कोड मागे घ्या." घेतला. फरक शून्य. तो मुलगा म्यूटवर होता.

मग मी सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. डेटाबेसला विचारलं, बाबा रे, ही सगळी कनेक्शन्स करतायत काय? बहुतेकांपुढे एकच उत्तर होतं: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडलंय आणि पुढे काहीच नाही. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेले रुमाल. जागा धरलेल्या, माणसं खाली चहा पितायत.

अर्ज टेबलात लिहायचा, विद्यार्थ्याला 'अर्ज मिळाला' असा एसएमएस पाठवायचा, गेटवेचं उत्तर आलं की मग कमिट करायचं, असा तो कोड होता. एरवी गेटवे चुटकीसरशी उत्तर द्यायचा. त्या संध्याकाळी तीस-तीस सेकंद लावत होता. सेकंदाला पंधरा अर्ज, प्रत्येकी तीस सेकंद, म्हणजे एका वेळी साडेचारशे कनेक्शन्स. मर्यादा चारशेच काय, आठशे केली असती तरी दुखणं तेच राहिलं असतं.

त्या ओळी कोणाच्या, हे गिटने सांगितलं. माझ्याच, दीड वर्षापूर्वीच्या. एसएमएस गेला नाही तर अर्जही राहू नये, असा त्यामागे माझा तात्त्विक विचार होता.

कॉलवर मी म्हणालो, "जुना कोड आहे." खोटं नव्हतं ते.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती: आधी कमिट, एसएमएस रांगेत टाकून नंतर. पूल पंधराचे केले. सहा सर्व्हरचे मिळून नव्वद. उरलेले दोन तास साइट निवांत चालली.

अकराच्या सुमारास डोक्यात भलतंच आलं. मी रीस्टार्ट केलं तेव्हा अर्धवट उघडी ट्रान्झॅक्शन्स रद्द झाली असणार. पण त्यातल्या काहींचे एसएमएस तर निघून गेले होते! गेटवेची यादी आणि आमचं टेबल शेजारी ठेवून पाहिलं. एकेचाळीस नंबर असे होते, की ज्यांना 'अर्ज मिळाला' असं आम्ही कळवलं होतं आणि ज्यांचा अर्ज आमच्याकडे नव्हता.

मॅनेजरला ते सांगताना मात्र 'जुना कोड' म्हणता आलं नाही. माझा कोड, माझं रीस्टार्ट, असं सगळं नीट सांगितलं. त्या एकेचाळीस जणांना एक दिवस वाढवून मिळाला. सकाळी नव्या मुलाच्या टेबलापाशी जाऊन त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मी रात्रीच बघितलं होतं." पुढे काही बोलला नाही. अर्धी यादी माझ्याकडून घेतली.

मी लावलेला पहिला फोन एका मुलीच्या वडिलांनी उचलला. अर्ज पुन्हा भरावा लागेल, म्हटलं.

"नाही हो सर," ते म्हणाले, "आमचा भरलाय. तुमचा मेसेज आलाय ना."