अंकुराची वाढ



चातुर्मासात मोडाची मटकी का करायची नाही, असं यंदा पुतणीनं विचारलं. "आजी करत नव्हत्या" हे उत्तर आता मुलींना पुरत नाही. अंकुर फुटताना त्यात अनंत जीव असतात, म्हणून तो वर्ज्य, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "काकू, दिसत तर काहीच नाही!"

याचं उत्तर मला अंबाजोगाईत गप्पांमध्ये सापडलं. मुकुंदराज-दासोपंतांच्या या गावात लिहिणाऱ्यांची कमी नाही. ओळखीच्या दोन लेखिका भेटल्या की विषय जुन्या दूरदर्शनवर जातोच. 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले, बेनेगलांची 'भारत एक खोज' ५३ भागांची होती. अशा मालिकांनी घरात इतिहास आणला की नुसते मुकुट, यावर दोघींचा वाद ठरलेला.

त्या दिवशी बोलणं जुन्या माहितीपटांवर आलं आणि एकीनं दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी सिनेमासाठी कुणी पैसे देईना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप मिनिटा-दोन मिनिटांत वाढलं. नाव 'अंकुराची वाढ'. ते पाहून भांडवल मिळालं. पुढे सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकंही पाडली.

मी म्हटलं, "आमच्या शास्त्रात वनस्पती एकेंद्रिय जीव. फाळक्यांनी तोच दाखवला की!"

दुसरी लगेच म्हणाली, "त्यात वाढ दिसते ताई. जीव दिसतो असं म्हणू नका."

तिचं बरोबर होतं. जीव मानणं ही श्रद्धा, ती कॅमेऱ्यानं सिद्ध होत नाही. पण आपण रोज ज्याच्याकडे बघतही नाही, त्याच्यापाशी महिनाभर थांबायला तो वाटाणा लावतो. व्रतही हेच करतं ना? हात पातेल्याकडे जाण्याआधी क्षणभर थांबवतं.

घरी पुतणीला हे सांगितलं. तिनं खिडकीत वाटाणा लावला, रोज एकाच जागेवरून मोबाइलनं फोटो काढला. वीस दिवसांनी सगळे फोटो भराभर सरकवून दाखवले. कोंब मान वळवून उजेडाकडे जात होता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अनंत जीवांचं मला अजून पटलं नाही. पण संवत्सरीपर्यंत मटकी नको."

मी तिला त्याहून जास्त काही मागितलं नाही. स्वतः पाहून सोडलेली एक वाटी मटकी मला धाकानं पाळलेल्या चार महिन्यांपेक्षा मोठी वाटते. तुमच्याही मुली विचारत असतील. नियम सांगण्याआधी एक दाणा मातीत लावून द्या.

आमचं रोप आता अंगणातल्या मोठ्या कुंडीत आहे. त्याला पाणी तीच घालते.