पानावरची काळी रेघ

सोमवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास अभ्यासिकेतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. पीएचडीसाठी ती आमच्याकडची जुनी साप्ताहिकं रोज पडद्यावर वाचायची. "मॅडम, अंकांची नावं दिसतायत, पण एकही पान उघडत नाहीये." तिच्या खुर्चीत बसून मी चार-पाच फायली उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी तोच निरोप आला: इनपुट-आउटपुट एरर.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. सहा वर्षं आम्ही गावातली जुनी कागदपत्रं स्कॅन करत होतो. बंद पडलेली साप्ताहिकं, पतपेढीचे अहवाल, फिरत्या नाटक मंडळींची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका असं सगळं त्यात होतं. ए-फोर आकाराचं एक पान 300 डीपीआयनं, रंगात आणि न दाबता साठवलं की साधारण 26 एमबी होतं. अशी दोन लाखांच्या आसपास पानं, म्हणजे पाच टीबीहून अधिक मजकूर. तो मागच्या खोलीतल्या एका साध्या सर्व्हरवर होता. त्यावर डेबियन लिनक्स, चार टीबीच्या चार डिस्क आणि त्यांची मिळून रेड-5. दुसरी प्रत होती, पण सात महिन्यांपूर्वीची आणि अर्धवट. मोठ्या डिस्कसाठीचे पैसे दर अंदाजपत्रकात पुढच्या वर्षावर जात राहिले, आणि मीही हट्ट धरला नाही.

रेड-5 मी आमच्या कार्यकारिणीला अशी समजावली होती. तिघांच्या खिशात काही रक्कम आहे आणि त्यांची बेरीज चौथ्याकडे लिहिलेली आहे. एकाचा खिसा कापला गेला तरी बाकीच्यांवरून त्याची रक्कम काढता येते. दोघांचे खिसे गेले तर काही करता येत नाही. (प्रत्यक्षात बेरजेचं काम आळीपाळीनं प्रत्येक डिस्ककडे जातं, पण हिशोब हाच.) सगळं ठीक असलं की रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चार यू ओळीनं दिसतात. त्या सकाळी तिथे एक यू, मग दोन आडव्या रेघा आणि शेवटी एक यू होता. मधल्या दोन्ही डिस्क बाहेर फेकल्या गेल्या होत्या. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

पुढच्या अर्ध्या तासात माझ्या हातून सगळंच जायचं होतं. घाबरून शोधाशोध करताना एक तोडगा सापडला: रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमला क्रिएटचा हुकूम द्या, रेड पुन्हा उभी राहील. मी तो टाइपही केला. एंटर दाबण्याआधी कोल्हापूरच्या सरांना फोन लावावा असं का वाटलं, ते आजही सांगता येत नाही. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय नावाचा मेळावा भरायचा, तिथे आमची ओळख झाली होती. सर तंत्रनिकेतनात शिकवत. लिनक्सवाल्यांच्या गोतावळ्यात अडलेल्यानं रात्री-अपरात्री फोन करावा असं ते माणूस.

"मॅडम, कीबोर्डवरून हात काढा," ते म्हणाले. "आधी मला वाचून दाखवा, काय दिसतंय ते. जसंच्या तसं. तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा."

क्रिएट जुनी रेड जोडत नाही, नवी मांडतो, हे त्यांनी समजावलं. डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार, मजकूर जिथून सुरू होतो ती जागा, यांतलं एक जरी चुकलं आणि वर काही लिहिलं गेलं, तर परत फिरायची वाट उरत नाही. एमडीएडीएमच्या आवृत्त्यांगणिक ही ठरावीक मूल्यं बदलत आली आहेत, त्यामुळे सहा वर्षांपूर्वीची मांडणी आज आपोआप तशीच येईल असं धरून चालता येत नाही. मी ती ओळ पुसली.

मग त्यांनी पुरावा गोळा करायला लावला. सर्व्हर बंद करण्याआधी कर्नलची नोंद, म्हणजे डीमेसेजचं सगळं बोलणं, पेनड्राइव्हवर घेतलं. चारही डिस्कवरचा रेडचा मथळा एमडीएडीएमच्या एक्झॅमिननं वाचून घेतला. प्रत्येक डिस्कचा स्मार्ट, म्हणजे तब्येतीचा, अहवाल काढला. हे सगळं मी त्यांना पाठवलं आणि तासाभरानं त्यांचा फोन आला. सुटलेल्या गणितातल्या पायऱ्या दाखवाव्यात तसं त्यांनी मला त्या दोन दिवसांत काय घडलं ते सांगितलं.

आमच्या सर्व्हरवरचं डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री 12 वाजून 57 मिनिटांनी, रेडची तपासणी सुरू करतं. सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. त्या वाचनात दोन नंबरची डिस्क एका खराब जागी अडली. घरगुती वापराच्या डिस्क अशा जागी हट्टानं पुन्हा पुन्हा वाचत बसतात, कधी मिनिटभराहून जास्त. कर्नल मात्र 30 सेकंदच वाट पाहतो. मग तो डिस्कला हाक मारतो, ती उत्तर देत नाही, आणि रेड तिला मेलेली समजून बाहेर काढते. हे रविवारी पहाटे तीनच्या पुढे घडलं. पूर्ण रविवार सर्व्हर तीन पायांवर उभा होता. त्यानं तशी चिठ्ठीही लिहिली होती, पण ती त्याच यंत्रातल्या रूटच्या पेटीत पडून राहिली. माझ्या पत्त्यावर ती यावी, अशी व्यवस्था मी कधी केलीच नव्हती.

तीन नंबरच्या डिस्कची गोष्ट वेगळी होती. तिच्या अहवालात खराब जागांचे आकडे, म्हणजे 5 आणि 197 क्रमांकाच्या नोंदी, शून्य होते. 199 क्रमांकाची नोंद मात्र हजाराच्या वर गेलेली. "ही सीआरसीची नोंद," सर म्हणाले. "डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत मजकूर बिघडला की हा आकडा वाढतो. तुमची डिस्क निरोगी आहे. केबल बघा."

पेटीचं झाकण काढलं. सातच टोकांची, बोटभर रुंद लाल साटा केबल झाकणाखाली दुमडून चेपली गेली होती. उन्हाळ्यात मीच धूळ काढली होती आणि झाकण दाबून बसवलं होतं.

मंगळवारी दोन नंबरची डिस्क सुरू करताच टक्‌-टक्‌ आवाज करू लागली आणि पुन्हा ओळखलीच गेली नाही. म्हणजे आता एक, तीन आणि चार एवढ्यांवरच मदार. त्यात एक नंबरच्या डिस्कवर 197ची नोंद शून्य नव्हती. तिथे काही जागा वाचता न येण्याच्या बेतात होत्या. सर म्हणाले, आधी तिची प्रत, मग बाकी सगळं. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी दोन नव्या डिस्कचे पैसे मंजूर केले.

सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात सर्व्हर सांभाळायच्या कामाला आहे. त्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. डिस्क घेताना काय बघायचं ते त्यानं मला फोनवर सांगितलं, आणि मग म्हणाला, "ताई, राहू दे, मीच घेऊन येतो." काही डिस्कवर मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यात जागा जास्त मावते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रेड पुन्हा बांधताना अशा डिस्क फार रखडतात. त्यानं तशा नसलेल्या दोन डिस्क आणल्या, चार नव्या साटा केबल आणल्या आणि आपल्या घरची आठ टीबीची डिस्क असलेला संगणकही आणला. शनिवारी दुपारी तो हे सगळं घेऊन एसटीतून उतरला. संगणक मांडीवर ठेवून आला होता.

खराब डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू कसं काम करतं ते त्यानं दाखवलं तेव्हा मला 2019च्या ऑगस्टमधली सांगली आठवली. पूर ओसरल्यावर भिजलेली पुस्तकं वाचवायला आम्ही काहीजणी गेलो होतो. कोरडी आणि कमी भिजलेली आधी उचलायची, चिकटलेल्या पानांशी घाई करायची नाही, नंतर त्यांच्याकडे एकेक करून वळायचं. डीडीरेस्क्यूही असंच वागतं. पहिल्या फेरीत सहज येईल ते उचलतं, अडलं की पुढे सरकतं, राहिलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग उलट दिशेनं, लहान लहान घास घेत परत येतं. सोपा भाग रात्रीत साडेआठ तासांत उरकला. उरलेल्या चिमूटभर जागांसाठी रविवारी दुपारपर्यंत थांबलो. शेवटी आकडा स्थिरावला: चार टीबीपैकी 4096 बाइट आले नाहीत. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही नाहीत.

मग रेड जोडायची वेळ आली. तीन नंबरच्या मथळ्यातला घटनांचा आकडा इतरांच्या फक्त सहानं मागे होता, त्यामुळे तिला जोर लावून आत घेण्यात धोका कमी होता. तरीही त्या मुलानं थेट डिस्कवर काही करू दिलं नाही. मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्या आणि त्यांच्यावर एक-एक थर टाकला. जे काही लिहिलं जाईल ते त्या थरावर, खालचं जसंच्या तसं. पोथीवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवावं तसं. संध्याकाळी एमडीस्टॅटमध्ये यू, रेघ, यू, यू असं दिसलं. फोल्डर उघडला, पहिलं पान उघडलं. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. फोनवर सर होते, त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि मला उत्तर देता येईना.

आता सगळं त्याच्या संगणकावर उतरवायचं होतं. मागच्या खोलीत दमट असतं, म्हणून तो कार्यालयात ठेवला होता, वाचनकक्षातून जाणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला. नक्कल सुरू झाली आणि वेग पडला सेकंदाला 11 एमबी. या हिशोबानं पाच दिवस लागणार, तेही थकलेल्या डिस्कवर. एथटूलनं जोडणीचा वेग 100 दाखवला, हवा होता 1000. ड्रायव्हर, स्विच, पोर्ट सगळं बदलून पाहिलं, पण आकडा हलला नाही.

सोमवारी सकाळी पेपर वाचायला नेहमीचे काका आले. दूरध्वनी खात्यात केबल जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमची धावपळ बघून ते केबलच्या कडेकडेनं चालत गेले आणि वाचनकक्षाच्या दाराशी थांबले. "बाई, इथं दार रोज हिच्यावर आपटतंय."

गिगाबिटला आठही तारा लागतात आणि 100ला त्यांतल्या चारच पुरतात, हे मी त्यांना सांगितलं. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली तर जोडणी तुटत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते. त्यांनी मान हलवली आणि केबल सोलली. तपकिरी जोडीतली एक तार आत तुटलेली होती. "निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी," ते बोटावर मोजत म्हणाले. जेली भरलेल्या जमिनीखालच्या केबलमधला हाच क्रम त्यांनी हजारो वेळा जोडला होता. आमच्या नेटवर्कच्या केबलमधल्या चार जोड्या म्हणजे त्यातल्याच पहिल्या चार. मला हे माहीत नव्हतं. खराब भाग कापून त्यांनी थरथरत्या हातांनी नवं टोक बसवलं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हात थरथरत होते, पण एकही तार चुकली नाही. वेग 1000 झाला, नक्कल सेकंदाला 108 एमबीवर गेली आणि मंगळवारी पहाटे पूर्ण झाली.

नंतरची कामं मी स्वतः केली. नव्या डिस्कसकट रेड उभी केली. जी डिस्क ऐकते तिला सात सेकंदांत हार मानायला सांगितलं, जी ऐकत नाही तिच्यासाठी कर्नलची वाट पाहण्याची मुदत 180 सेकंद केली. तक्रारीची चिठ्ठी आता माझ्या, सरांच्या आणि त्या मुलाच्या पत्त्यावर जाते. पूर्ण दुसरी प्रत आता वाचनालयाच्या इमारतीबाहेर असते आणि दर आठवड्याला ताजी होते. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे सरांनी मला पूर्वीही सांगितलं होतं.

राहिले ते 4096 बाइट. स्कॅन करताना प्रत्येक फाइलचा शा-256 ठसा आम्ही दाखल नोंदवहीसारखा लिहून ठेवत आलो होतो, तोही सरांच्याच सांगण्यावरून. त्या यादीशी दोन लाख फायली ताडून पाहिल्या. एक सोडून सगळ्या जुळल्या.

न जुळलेलं पान एका फिरत्या नाटक मंडळीचं हस्तपत्रक होतं. ते एका कुटुंबानं चार दिवसांसाठी दिलं होतं आणि आम्ही परत केलं होतं. दोन वर्षांनी पावसात त्यांच्या वाड्याची मागची भिंत कोसळली आणि ट्रंक त्याखाली गेली. फाइल उघडली तेव्हा पत्रक पूर्ण दिसलं. पात्रांची नावं, तिकिटाचे दर, कोपऱ्यावरचा शाईचा डाग. मधून मात्र एक काळी रेघ गेली होती, साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि एका ठिपक्याएवढी जाड. एका ठिपक्याला तीन बाइट लागतात, त्यामुळे 4096 बाइटची तेवढीच लांबी होते.

"ताई, मिनिटात पुसून देतो. शेजारचा रंग भरला की कळणारही नाही," तो मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. नोंदवहीत त्या पानापुढे तारीख, एक नंबरच्या डिस्कचा क्रमांक आणि न आलेल्या बाइटांची संख्या लिहिली.

महिनाभरानं अभ्यासिकेतली ती मुलगी ते पान घेऊन आली. "मॅडम, ही रेघ मुळातच होती का?" मी नोंदवही काढून तिच्यापुढे उघडून ठेवली.