स्मॉल फेसेस, व्हाया आरणगाव

आमच्या नगरचं नाव २०२४ मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झालं. बोलताना मात्र तोंडात नगरच येतं. म्हणजे गाव तेच, माणसं तीच, फक्त नाव बदललं. आज मला बरोब्बर उलट केसबद्दल लिहायचंय. माणसं बदलत जातात आणि नावाचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. केस लंडनच्या एका बँडची आहे, पण तिचा एक धागा थेट नगर-दौंड रोडवरच्या आरणगावात येतो. थांबा, सांगतो.

स्मॉल फेसेस. १९६५ मध्ये लंडनमध्ये जमलेली चार पोरं. स्टीव्ह मॅरियट गाणार आणि गिटार वाजवणार, रॉनी लेन बेसवर, केनी जोन्स ड्रम्सवर आणि ऑर्गनवर जिमी विन्स्टन. 'स्मॉल' का, तर सगळेच बुटके :) आणि 'फेस' म्हणजे तेव्हाच्या तिथल्या पोरांच्या भाषेत एकदम टेचात राहणारा, भाव असलेला माणूस. वर्ष संपायच्या आत विन्स्टन गेला, इयन मॅकलॅगन आला. हा पहिला बदल. कुणाला फारसं जाणवलंही नाही.

१९६७ मध्ये यांचं 'इचिकू पार्क' आलं आणि बँड सायकेडेलिक झाला. त्यात ड्रम्सवर एक विमान गेल्यासारखा 'सूंऽऽ' आवाज येतो. इंजिनियर माणसाला यात जाम मजा येते. एकच रेकॉर्डिंग दोन टेप मशिनवर एकदम लावायचं आणि एकाचा वेग किंचित इकडेतिकडे करायचा. दोन्ही लहरी एकमेकींना कुठे खोडतात, कुठे फुगवतात, आणि ती जागा सरकत राहते. आज हे सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर होतं. तेव्हा ऑलिंपिक स्टुडिओत जॉर्ज कियांट्झ नावाच्या इंजिनियरने खऱ्या टेपवर ते करून दाखवलं होतं.

मग १९६८ चा 'ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक'. तंबाखूच्या डबीसारखं गोल कव्हर, आणि दुसऱ्या बाजूला चंद्राचा हरवलेला अर्धा भाग शोधायला निघालेल्या स्टॅनची गोष्ट. ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरवर. पण गंमत अशी की स्टुडिओत थर चढवून बनवलेलं ते प्रकरण स्टेजवर वाजवताच येईना. समोर किंचाळणारी गर्दी आणि वाजवायची जुनीच गाणी. १९६८ च्या शेवटच्या रात्री अलेक्झांड्रा पॅलेसच्या कार्यक्रमातून मॅरियट सरळ स्टेज सोडून निघून गेला. पुढे पीटर फ्रॅम्प्टनबरोबर त्याने 'हंबल पाय' काढला. मागे उरले तिघं, गायकाविना.

आता आरणगाव. आमच्याकडे शाळेच्या सहली जायच्या ते मेहेराबाद तिथेच. मेहेरबाबा १९२५ पासून शेवटपर्यंत मौनात राहिले, आणि ३१ जानेवारी १९६९ ला, म्हणजे मॅरियट निघून गेल्यावर बरोबर महिन्याभरात, गेले. त्यांची समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे. 'द हू'चा पीट टाऊनशेंड त्यांना मानायचा, १९७२ मध्ये इथे येऊनही गेला. 'बाबा ओ'रायली'मधले बाबा ते हेच. त्याच्यामुळेच रॉनी लेन बाबांकडे वळला. आणि ज्या काळात सगळं लंडन एलएसडीवर तरंगत होतं, त्या काळात बाबांनी १९६६ च्या 'गॉड इन अ पिल?' या पत्रकात स्वच्छ सांगितलं होतं की गोळीतून देव मिळत नाही. सायकेडेलिक बँडच्या बेसिस्टने अशा माणसाला मानावं, हे मला भन्नाट वाटतं.

लेनने बाबांच्या शिकवणुकीवरून एक गाणं केलं, 'इव्होल्यूशन'. जीव आधी दगड, मग वनस्पती, किडा, मासा, असं करत माणसापर्यंत येतो, अशी कल्पना. १९७० मध्ये बाबांच्या जन्मदिनानिमित्त टाऊनशेंडने काढलेल्या 'हॅपी बर्थडे' अल्बमवर ते आहे. त्याच वर्षी तेच गाणं 'स्टोन' नावाने लेनच्या नव्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर आलं. कारण तोवर जेफ बेक ग्रुपमधून रॉड स्टुअर्ट आणि रॉन वुड येऊन मिळाले होते. दोघंही उंच! त्यामुळे 'स्मॉल' गळालं आणि नाव झालं नुसतं 'फेसेस'. अमेरिकन कंपनीने मात्र तिकडच्या कव्हरवर 'स्मॉल फेसेस'च छापलं. जुनं नाव खपतं ना.

हे सगळं मी उकरत बसलोय त्याला कारण आहे. इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलवर आमचा चौघांचा बँड होता. मी बेसवर. गाणी लिहायचा तो आता म्युनिकला असतो. डिसेंबरात कॉलेजच्या मेळाव्यात वाजवायचं ठरलंय, आणि त्याच्या जागी आम्ही पुण्यातला एक पोरगा घेतलाय. ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "वाजवा रे बिनधास्त, पण ते नाव वापरू नका." त्यावर ड्रमर, "नाव काय त्याच्या एकट्याचं आहे का?" नंतर चार दिवस ग्रुपवर चिडीचूप. दहा वर्षांची दोस्ती आहे राव.

नाटकात हे सोपं असतं. १९७० मध्ये लागूंनी केलेला 'नटसम्राट' पुढे दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला, तरी तो 'नटसम्राट'च राहिला. तिथे संहिता लिहिलेली असते. आमच्याकडे संहिताच म्युनिकला गेलीये.

१९७३ मध्ये लेननेही फेसेस सोडला, त्याच्या जागी तेत्सु यामाउची आला. १९७५ च्या अखेरीस बँड संपला आणि वुड रोलिंग स्टोन्समध्ये गेला. मग मॅरियट, मॅकलॅगन आणि जोन्सने पुन्हा 'स्मॉल फेसेस' नावाने दोन अल्बम काढले, १९७७ आणि १९७८ मध्ये. लेन तालमीतूनच बाहेर पडला होता. नाव जुनं, चौघांतले तिघं जुने, तरी दोन्ही पडले. नंतर जोन्स कुठे गेला माहितेय? कीथ मूनच्या मृत्यूनंतर 'द हू'मध्ये, टाऊनशेंडच्या मागे ड्रम्सवर.

लेनला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. १९८३ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यासाठी क्लॅप्टन, बेक आणि पेज एका स्टेजवर आले, ड्रम्सवर जोन्सही होता. त्या रात्री कुठल्याच बँडचं नाव लागलं नव्हतं. मॅरियट १९९१ मध्ये घराला लागलेल्या आगीत गेला, लेन १९९७ मध्ये.

काल मी म्युनिकला फोन केला. म्हटलं, नाव तुझं तुझ्यापाशी ठेव, गाणी देतोस का? म्हणाला, दोन देतो, तिसरं मला स्वतःला रेकॉर्ड करायचंय. ड्रमरला अजून सांगितलेलं नाही.