वायफाय इकडे, वायर तिकडे

आमच्या गावच्या वाचनालयात फायबरचा राउटर कार्यालयात, आणि देणगीत मिळालेले जुने डेस्कटॉप अंगणापलीकडच्या दालनात. त्यांना वायफाय नाही, फक्त लॅनचा पोर्ट. मध्ये जाड चिरेबंदी भिंती, आणि ऐन पावसात केबलसाठी अंगण खणणार कोण? मी माझा डेबियनवाला जुना लॅपटॉप दालनाच्या खिडकीत ठेवला. तिथे वायफाय धड मिळत होतं. त्याच्या लॅन पोर्टातून वायर स्विचला दिली.

"आता दोन्ही टोकं आतून जोडली की झालं ना?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळणं मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं. वायफायचा क्लायंट राउटरकडे जी फ्रेम पाठवतो तिच्यात पत्ते तीनच: राउटरचा, स्वतःचा आणि जिथे पोचायचं तिथला. मागे वायरवर बसलेल्या डेस्कटॉपचा मॅक पत्ता लिहायला जागाच उरत नाही. म्हणून लिनक्स असं वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घ्यायचं साफ नाकारतं. चार पत्त्यांच्या फ्रेमची सोय आहे, पण ती राउटरलाही यावी लागते. आमच्या राउटरला येत नव्हती.

नॅट केलं असतं तर इंटरनेट लगेच मिळालं असतं. पण प्रिंटर दालनात आणि बाईंचा लॅपटॉप कार्यालयातल्या वायफायवर. नॅटच्या आडचा प्रिंटर त्यांना सापडला नसता.

म्हणून प्रॉक्सी एआरपी. आयपी फॉरवर्डिंग चालू केलं, लॅन कार्डाला वायफायचाच आयपी /३२ मास्कने दिला आणि पॅरप्राउटेड सुरू केलं. डीएचसीपीची विनंती ब्रॉडकास्ट असल्याने आपणहून पलीकडे जात नाही; तिच्यासाठी डीएचसीपी-हेल्पर. मग टीसीपीडम्प लावून बसलो. राउटर विचारतो, १९२.१६८.१.७० कोणाकडे? तो पत्ता प्रिंटरचा, पण उत्तरात मॅक पत्ता जातो माझ्या वायफाय कार्डाचा. शेजाऱ्याचं पार्सल आपण घ्यावं आणि त्याच्या दारात नेऊन द्यावं, तसं. ही युक्ती आरएफसी १०२७ मध्ये १९८७ साली लिहिली गेली. वायफायचं पहिलं मानक आलं १९९७ साली. इतकं जुनं शहाणपण आजही जसंच्या तसं कामी येतं, याचं मला फार अप्रूप आहे.

बाईंनी कार्यालयातून वर्गणीच्या पावत्या छापल्या. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी तो झोपू नये अशी सेटिंग मी केली आणि दोन्ही प्रोग्राम सिस्टमडीकडे सोपवले, म्हणजे वीज जाऊन परत आली तरी कोणाला काही टाइप करावं लागू नये.