आठ अक्षरांचा वास

भाताची पैदास करणाऱ्याला डोळे लागतात, चिमटा लागतो आणि नाक तर फारच लागतं. मुळशीच्या कोळवण खोऱ्यात आंबेमोहरावर काम असलं की सकाळचा आल्याचा चहासुद्धा मी लांबणीवर टाकतो. पानं बारीक कातरून काचेच्या बशीत घ्यायची, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १.७ टक्क्याचं द्रावण ओतायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं थांबायचं आणि झाकण काढून हुंगायचं. काही बशा झाल्या की नाक मरतं. मग बांधावर जाऊन बसायचं. यंत्रं आहेत, पण ढीगभर रोपांतून निवड करायची तर ही बशीच परवडते.

आपण हुंगतो ते मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलीन. त्याची कथा थोडी उलटी आहे. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच-२ नावाचं जनुक असतं. ते धड असलं की त्याच्यापासून बनणारं विकर एका रसायनाची वेळच्या वेळी विल्हेवाट लावतं आणि वास तयारच होत नाही. सुवासिक भातांत या जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. अक्षरं गळाली की पुढचा सगळा मजकूर बिघडतो, विकर अर्धवट राहतं, रसायन साचतं आणि त्यातून सुगंध उभा राहतो. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं तो मुळात बिघाड आहे.

बुटकेपणाचंही तसंच. १९६६ साली आलेला आयआर-८ ठेंगणा राहिला, कारण उंची वाढवणारं संप्रेरक बनवणारं एक जनुक त्याच्यात नादुरुस्त आहे. आंबेमोहर उंच, ऐन दाणा भरताना पाऊस आला की आडवा होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ साली इंद्रायणी दिला. तो बेताच्या उंचीचा आहे, लोळत नाही, उतारा चांगला. वास मात्र आईबापांतल्या जुन्याइतका घमघमीत नाही.

संकराचं काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. संध्याकाळी मादीच्या लोंबीतल्या एकेका फुलाचा वरचा भाग कात्रीने उडवायचा, आतले सहाही पुंकेसर चिमट्याने अलगद उचलायचे, एकही राहता कामा नये, आणि वर बटरपेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास नराची फुलं उघडली की त्यांचा पराग वरून झटकायचा. भाताचा पराग काही मिनिटांतच निकामी होतो, तेव्हा गप्पा नंतर.

मला या कामात सगळ्यात आवडतं ते पुढच्या वर्षी घडतं. पहिल्या पिढीच्या रोपाचं पान कितीही हुंगा, वास नाही. एका पालकाकडून आलेली धड प्रत विकराचं काम एकटी भागवते. पण त्याच रोपाच्या लोंबीतले दाणे पुढच्या पिढीचे असतात. एकेक दाणा दाताखाली फोडला तर साधारण चारातला एक घमघमतो. आईला वास नाही आणि तिच्या अंगाखांद्यावरच्या काही लेकरांना आहे. शिकाऊ पोरांना मी हे कागदावर समजावत नाही, सरळ दाणे चावायला देतो.

आंबेमोहराचं रोप उपटून मुळं धुऊन हुंगा. तिथे सुगंध सापडत नाही; पान, खोड, दाणा यांत सापडतो. मुळातल्या पेशीतही जनुकं तीच, गळालेली अक्षरंही तीच. कुठल्या पेशीत काय चालू राहणार नि काय बंद, हा हिशेब वेगळाच. फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली तो एका जिवाणूत उलगडला: दुधातली साखर समोर आल्याशिवाय ती पचवणारी विकरं तो बनवायला घेत नाही. आमच्या पुणे विद्यापीठातही आंबेमोहर-१५७, बासमती-३७० आणि वास नसलेला आयआर-६४ यांच्यात कुठली जनुकं किती चालतात याची तुलना झाली आहे. दाणा भरताना रात्री गार असल्या की वास चढतो, म्हणून तेच बेणं घाटाखाली नेऊन लावलं आणि वास उतरला, तर बेण्याला दोष देऊ नये.

सगळ्यात चोख हिशेब असतो निसवण्याचा. हळवं भात दिवस मोजून निसवतं, जुनं गरवं भात रात्र मोजून. रात्र पुरेशी लांबली की पानात एचडी-३-ए हे जनुक चालू होतं, त्याचं प्रथिन पानातून शेंड्यापर्यंत जातं आणि शेंडा पान काढायचं सोडून लोंबी धरतो. ते प्रथिनच हा निरोप नेतं, हे जपानमध्ये नारा इथल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवलं. प्रयोगशाळेत मध्यरात्री दहा मिनिटं उजेड दाखवला तरी हे जनुक गप्प बसतं.

आता पौडपासून वर खाचरांना लागून फार्महाउसं उभी राहिली आहेत आणि कुंपणावर रात्रभर दिवे. बाकी खाचर पिवळं पडलं तरी दिव्याखालचा पट्टा हिरवागार, पोटरीतसुद्धा आलेला नाही. शेतकरी म्हणतात युरिया जास्त पडला. मी बेण्यासाठी खाचर धरतो ते हल्ली रात्री चक्कर मारून. एका मालकांना दिवा जरा खाली वळवायची विनंती केली, तर ते हसून म्हणाले, “का हो, भाताला झोप लागत नाही की काय?” मी म्हटलं, हो, नाहीच लागत. एचडी-३-ए सांगत बसलो असतो तर दिवा तसाच राहिला असता.