‘शुगर हाय, पण जास्त नाई’
मधुमेह बाहेरून दिसत नसल्यामुळे तो इतरांना कळू द्यावा की नाही, आणि कळू द्यायचाच तर किती व कोणत्या शब्दांत, हे बहुतांशी रुग्णाच्याच हाती राहते. सावनेर तालुक्यातील खापरखेडा येथे मात्र ही मोकळीक फार उरत नाही. कारण १३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत एकाच पाळीत डबा उघडणारी माणसे शेजारीही असतात आणि लग्नाच्या पंगतीत एकमेकांच्या बाजूलाही बसतात.

प्रस्तुत लेखकाला मधुमेहाचे निदान पाळीच्या नोकरीत असतानाच झाले, आणि त्यानंतर त्याच्या तोंडी जे वाक्य आले ते भोवतालच्या बहुतेकांच्या तोंडी आधीपासूनच होते: ‘शुगर हाय, पण जास्त नाई.’ काही जण ‘बॉर्डरवर हाय’ एवढेच सांगत. वास्तविक वैद्यकशास्त्रात ही सीमा निश्चित असून, मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दर्शवणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली की मधुमेह मानला जातो, तर ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था होय. गोळ्या वर्षानुवर्षे चालू असलेला माणूसही स्वतःला सीमेवरच ठेवतो, याचे कारण अज्ञानात शोधणे लेखकाला अन्यायाचे वाटते. कामावर हा माणूस कच्चा ठरेल, रात्रपाळी किंवा जोखमीचे काम त्याच्याकडून काढून घेतले जाईल, ही धास्ती त्यामागे असते. आणि घरगुती कार्यक्रमांत तर प्रत्येक घासाचा हिशेब इतरांनी मागण्याची. संत्रा बर्फीचा तुकडा उचलताच चार जण हात धरतात, पण त्याच ताटातील भाताच्या ढिगाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. इन्सुलिनबद्दलचे मौन त्याहून गडद असते, कारण सुई लागली म्हणजे आजार अखेरच्या टप्प्यावर गेला असा समज आहे. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांना ते निदानापासूनच घ्यावे लागते, ही गोष्ट या समजात बसत नाही. अशा मुलीचे आईवडील सोयरिकीच्या बोलण्यात गप्प राहतात, त्यांना दोष देणे लेखकाला कधीच जमले नाही.

तथापि या सौम्य सांगण्यात एक गोष्ट नेमकी गळून जाते, आणि ती सर्वांत निकडीची असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचे जेवण पाळीच्या गडबडीत लांबले, तर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरू शकते. या अल्पशर्करेच्या अवस्थेत घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, आणि पाहणाऱ्याला तो माणूस प्यायलेला वाटण्याचा संभव असतो. एका रात्रपाळीत लेखकाची अशीच अवस्था झाली असता सोबत्यांनी चहा पुढे केला खरा, पण शुगर आहे हे माहीत असल्यामुळे तो जाणीवपूर्वक बिनसाखरेचा केला होता. त्यांची काळजी अस्सल होती, आणि तिला दिशा देणारी माहिती त्यांना कोणीही दिलेली नव्हती.

तेव्हापासून लेखक आपल्या आजाराचे वर्णन आकड्यांनी किंवा ‘जास्त-कमी’ने करत नाही, नव्या सोबत्याला तो एवढेच सांगतो की, आपण घामाघूम होऊन भलतेच बोलू लागलो तर शुद्धीवर असेपर्यंत तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे. हे ऐकणाऱ्यांपैकी काहींनी थोड्या वेळाने, बाजूला घेऊन, आपल्यालाही गोळी चालू असल्याचे लेखकाला सांगितले.